सीपॅप सुरू करताना : पहिला महिना कसा निभवायचा

झोपेच्या तपासणीच्या रिपोर्टवर ‘सिव्हिअर ओएसए’ (तीव्र ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास वारंवार अडणे) असे लिहून आले की घरात पहिली चर्चा मशीनची होते. कुठल्या कंपनीचे घ्यायचे, आवाज किती, आकार केवढा. पण सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे हे मशीन, अर्ध्यावर सोडणाऱ्यांपैकी मशीन बिघडले म्हणून सोडणारे थोडेच. बाकीच्यांना मास्कच्या कडेने डोळ्यांत जाणारी हवा आणि चोंदलेले नाक नको होते, नाहीतर पहाटे तीनला मास्क झोपेतच निघून गादीवर पडलेला असतो. या तिन्ही अडचणींवर उपाय आहेत, फक्त ते योग्य क्रमाने करावे लागतात. म्हणून इथे मशीनपेक्षा मास्क, नाक आणि पहिले काही आठवडे यांना जास्त जागा दिली आहे.

आधी रिपोर्ट वाचा

रिपोर्टवरचा मुख्य आकडा म्हणजे एएचआय. झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा बराच कमी झाला, याची ती सरासरी. प्रत्येक अडथळा किमान १० सेकंदांचा असेल तरच मोजला जातो. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. एएचआय ४० याचा अर्थ सरासरी दर दीड मिनिटाला एक अडथळा. तपासणी घरी झाली असेल तर बहुतेक उपकरणांत हा भागाकार झोपेच्या नव्हे, तर रेकॉर्डिंगच्या तासांनी केलेला असतो. मध्ये तासभर जागे राहिला असाल तर खरा एएचआय रिपोर्टपेक्षा जास्त निघू शकतो.

एवढ्यावर थांबू नका. ऑक्सिजन कमीत कमी किती झाला आणि ९० टक्क्यांच्या खाली एकूण किती वेळ राहिला, हेही पाहा. एकाच एएचआयच्या दोन माणसांत इथे मोठा फरक असू शकतो. मग ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ आणि ‘सेंट्रल’ यांची विभागणी पाहा. पहिल्या प्रकारात घसा मिटतो, दुसऱ्यात मेंदूकडून श्वासाचा आदेशच काही क्षण येत नाही. साधा सीपॅप प्रामुख्याने पहिल्या प्रकारावर काम करतो.

डॉक्टरांना मशीनआधीच सांगायच्या काही गोष्टी आहेत. वजन बरेच जास्त असेल, सकाळी डोके दुखत असेल किंवा जागेपणीही ऑक्सिजन कमी राहत असेल, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत आहे का हे तपासावे लागते. रक्तातील बायकार्बोनेट २७ किंवा त्याहून जास्त आले तर ती शंका बळावते, आणि तेव्हा सीपॅपऐवजी बायपॅपचा (दोन पातळ्यांवर दाब देणाऱ्या मशीनचा) विचार होऊ शकतो. हृदयाचे पंपिंग कमी असेल (इजेक्शन फ्रॅक्शन ४५ टक्के किंवा कमी) आणि रिपोर्टमध्ये सेंट्रल प्रकार जास्त असेल, तर ‘एएसव्ही’ नावाचे मशीन कुणी सुचवल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा रुग्णांमध्ये त्या मशीनने मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले. पूर्वी फुफ्फुसाभोवती हवा साठली असेल, फुफ्फुसात मोठे फुगे असतील, अलीकडे डोक्याला मार लागला असेल किंवा नाक, कवटी, मेंदू यांची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तेही आधी सांगा.

मशीन नेमके काय करते

सीपॅप ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने नाकात ढकलते, आणि तो दाब घशाच्या सैल भिंतींना आतून आधार देतो. दाब ‘सेंटीमीटर पाणी’ या एककात मोजतात. ग्लासात १० सेंटीमीटर खोल स्ट्रॉ बुडवून फुंकर मारा. पहिला बुडबुडा निघायला जेवढा जोर लागतो तेवढा हा दाब. घरगुती मशीनची मर्यादा साधारणपणे ४ ते २० असते. ही उपचारपद्धती ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली जगापुढे मांडली.

फिक्स्ड सीपॅप रात्रभर एकच दाब देतो. ऑटो सीपॅप ठरवून दिलेल्या खालच्या आणि वरच्या मर्यादेत गरजेप्रमाणे दाब बदलतो. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देतो. लॅबमध्ये एक रात्र झोपवून योग्य दाब शोधला (याला टायट्रेशन म्हणतात) तर फिक्स्ड पुरतो. तसे झाले नसेल तर सहसा ऑटो दिले जाते.

ऑटो मशीनबाबत एक चूक फार सर्रास होते. मशीन कारखान्यातून ४ ते २० अशा मोकळ्या मर्यादेवर येते आणि तसेच घरी पोचते. बऱ्याच प्रौढांना ४ वर हवा अपुरी वाटते, मास्क लावताच गुदमरल्यासारखे होते. शिवाय मशीन दाब वाढवते ते अडथळ्याची चाहूल लागल्यानंतर. गरज ११ ची असेल तर ४ वरून तिथे पोचेपर्यंत बरेच अडथळे होऊन जातात. म्हणून पहिल्या आठवड्याची नोंद पाहून खालची मर्यादा वाढवायची का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. प्रिस्क्रिप्शनवर मोड, दाबाची मर्यादा, मास्कचा प्रकार आणि ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) या चारही गोष्टी लिहून घ्या.

मशीनमध्ये गरम होणारा ह्युमिडिफायर हवा, आणि रोजचे तास, हवेची गळती आणि उरलेला एएचआय (मशीन चालू असतानाही राहणारा) ही नोंद दिसायला हवी. फक्त तासच मोजणारे मशीन घेऊ नका, त्यातून उपचार लागू पडतो आहे का ते कळतच नाही. वापरलेले मशीन घेत असाल तर मॉडेल आणि अनुक्रमांक उत्पादकाच्या साइटवर तपासा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज कमी करणारा आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या धोक्यामुळे आपली बरीच मॉडेल परत मागवली होती.

मास्क : खरी निवड इथे आहे

प्रकार तीन. ‘पिलो’मध्ये दोन मऊ टोके नाकपुड्यांना टेकतात. ‘नेझल’ नाकावर किंवा नाकाखाली बसतो. ‘फुल फेस’ नाक आणि तोंड दोन्ही झाकतो. ‘मी तोंडाने श्वास घेतो’ म्हणून बरेच जण थेट फुल फेस मागतात. पण तोंड उघडते त्यामागे पुष्कळदा चोंदलेले नाक असते, किंवा घसा मिटल्यावर हवेसाठी झालेली धडपड. सीपॅप सुरू झाल्यावर ही धडपड कमी होते. फुल फेसची कड लांब, म्हणून गळतीच्या जागा जास्त. तो हनुवटीला मागे ढकलतो आणि त्याला कधी कधी जास्त दाबही लागतो. आमचे मत स्पष्ट आहे: नाक मोकळे असेल तर सुरुवात नेझलने करा. तपासायचे असेल तर उताणे पडून, तोंड मिटून तीन मिनिटे शांतपणे नाकाने श्वास घ्या. जमले नाही तर आधी नाकावर उपचार करा, नाहीतर फुल फेस घ्या.

मापासाठी उत्पादकाचा कागदी साचा वापरा. हमखास होणारी चूक म्हणजे ‘मोकळा बरा’ म्हणून एक माप मोठे घेणे. मोठे कुशन (चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग) नाकाच्या बाजूने डोळ्यांकडे गळते, मग पट्टे आवळले जातात, आणि सकाळी नाकाच्या हाडावर जखम दिसते. कवळी काढून झोपत असाल तर मापही कवळी काढूनच घ्या, कारण गाल आत गेले की मास्कची बैठक बदलते. दाट मिशी किंवा दाढी असेल तर कडेने हवा निसटते. पिलोला हा त्रास कमी होतो.

काही मास्कच्या पट्ट्यांच्या क्लिपमध्ये चुंबक असतात. पेसमेकर, आयसीडी (हृदयाचे ठोके बिघडल्यास झटका देणारे उपकरण), मेंदूतील क्लिप, डोळ्याजवळचा धातूचा तुकडा असे काही तुमच्या किंवा शेजारी झोपणाऱ्याच्या शरीरात असेल, तर चुंबक नसलेलाच मास्क घ्या.

मास्कवर कुठे तरी बारीक भोके असतात आणि त्यातून सतत हवा येते. ही गळती नाही. सोडलेला श्वास, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बाहेर जाण्याचा तोच मार्ग आहे. आवाज येतो म्हणून या भोकांवर टेप लावू नका, पांघरूण ओढू नका. हवा शेजारच्याच्या अंगावर जात असेल तर कोपऱ्याचा फिरता भाग वळवा.

मास्क बसवण्याची पद्धत

दुकानात खुर्चीवर बसून नीट बसलेला मास्क अंथरुणात गळतो. आडवे झाले की चेहऱ्याची त्वचा आणि गाल मागे सरकतात. म्हणून मास्क नेहमी झोपण्याच्या स्थितीत बसवा:

१. चेहरा साबणाने धुऊन कोरडा करा. त्या वेळी क्रीम किंवा तेल लावू नका, त्याने सिलिकॉन घसरते आणि लवकर खराबही होते.
२. पट्टे ढिले ठेवून मास्क घाला, आडवे व्हा, आणि मशीन उपचाराच्या दाबावर सुरू करा. बऱ्याच मशीनमध्ये यासाठी ‘मास्क फिट’ असा पर्याय असतो.
३. मास्क दोन्ही हातांनी चेहऱ्यापासून किंचित वर उचला आणि सोडा. कुशनच्या दोन पापुद्र्यांत हवा शिरून ते फुगते आणि आपोआप बसते.
४. आता पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे ओढा. आधी खालचे, मग वरचे. गळती थांबली की हात थांबवा.
५. कुशीवर वळा, दुसऱ्या कुशीवर वळा, मग पुन्हा उताणे. गळले तर पट्टा आवळण्याआधी पायरी ३ पुन्हा करा.

पट्ट्याखाली दोन बोटे सहज जायला हवीत. जास्त आवळले की कुशनचा पातळ पापुद्रा चुरगळतो आणि गळती वाढते, हे बहुतेकांना उलटे वाटते. सकाळी गालावर दिसणारी खूण अर्ध्या तासात गेली तर चिंता नाही. ती टिकली, किंवा त्वचा लाल होऊन सोलवटली, तर माप किंवा प्रकार चुकला आहे.

दिवसा सराव, मग रात्र

मास्क तोंडावर आला की घाबरणाऱ्यांनी पहिल्याच रात्री आठ तासांचा हट्ट धरू नये. दोन-तीन दिवस दिवसा सराव करा. आधी मास्क हातात धरून नुसता नाकाला टेकवा, पट्टे नकोत. मग मशीन सुरू करून १० मिनिटे, टीव्ही बघत किंवा वाचत. मग पट्ट्यांसह २० ते ३० मिनिटे. मग दुपारची डुलकी मास्क लावूनच घ्या. प्रत्येक पायरीवर घबराट ओसरेपर्यंत थांबा. घबराट चढलेली असतानाच मास्क काढला तर मेंदू हेच शिकतो की काढला की सुटका. आधी श्वास शांत होऊ द्या, मग काढा.

मशीन पलंगाच्या पातळीपेक्षा थोडे खाली, घट्ट पृष्ठभागावर ठेवा. मागच्या हवेच्या वाटेला पडदा किंवा भिंत चिकटलेली नको. नळी डोक्याच्या वरून आली तर कूस बदलताना ती ओढली जात नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या भागाला सैल फास करून अडकवली तरी चालते. पाण्याच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंतच भरा, बहुतेक टाक्यांत ३०० ते ४०० मिलिलीटर मावते. सुवासिक तेल किंवा औषध त्यात कधीही घालू नका.

रॅम्प म्हणजे कमी दाबावर सुरू होऊन हळूहळू वर जाण्याची सोय. ती उपयोगी आहे, पण ४५ मिनिटांवर ठेवली आणि तुम्हाला दहा मिनिटांत झोप लागली, तर पुढची ३५ मिनिटे उपचार अपुरा राहतो. ‘ऑटो रॅम्प’ असेल तर तो वापरा. नसेल तर १० ते १५ मिनिटे पुरतात. रॅम्पच्या सुरुवातीला हवा कमी वाटली तर तिथला दाब ४ वरून ५ किंवा ६ करता येतो का विचारा. श्वास सोडताना दाब किंचित उतरवणारी सेटिंगही असते, सहसा १ ते ३ अंकांची. सुरुवातीला ती आराम देते. मात्र ३ वर ठेवल्यास श्वास सोडताना घशाला तेवढा कमी आधार मिळतो, त्यामुळे कुणाकुणाचा उरलेला एएचआय वाढतो.

पहिल्या दोन आठवड्यांत काय बिघडते

एक नियम पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती किमान तीन रात्री ठेवा. मास्क, आर्द्रता आणि दाब एकाच रात्री बदलले तर कशाचा फरक पडला ते कधीच कळणार नाही.

नाक चोंदते. कोरडी हवा वेगाने आत गेली की नाकाचे अस्तर सुजते. आर्द्रता मधल्या आकड्यावरून सुरू करून एक-एक पायरी वाढवा. झोपण्याआधी सलाइनने नाक धुवा किंवा स्प्रे करा. अॅलर्जी असेल तर डॉक्टर स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे देऊ शकतात, पण त्याला पूर्ण परिणाम दाखवायला काही दिवस लागतात. दुकानात सहज मिळणारे नाक मोकळे करणारे थेंब मात्र सलग तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. नाहीतर थेंब थांबताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते आणि त्या थेंबांचीच सवय लागते.

तोंड कोरडे पडते. आर्द्रता वाढवूनही कोरडेच पडत असेल तर हवा तोंडावाटे निसटते आहे, आणि नुसते पाणी वाढवून ती थांबणार नाही. आधी नाक मोकळे करा. कुशीवर झोपा. हनुवटीचा पट्टा काहींना जमतो, पण तो ओठ बंद करत नाही. हे सगळे करूनही दोन आठवडे तेच चालू राहिले तर फुल फेस घ्या. तोंडावर चिकटपट्टी लावण्याचे सल्ले सगळीकडे फिरतात. पहिल्या महिन्यात त्या वाटेला जाऊ नका, आणि नाक चोंदणाऱ्यांनी, उलटीचा किंवा आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी, झोपेचे औषध घेणाऱ्यांनी तर मुळीच नको.

नळीत गुळगुळ आवाज येतो, किंवा चेहऱ्यावर पाण्याचा थेंब पडतो. गरम दमट हवा थंड खोलीतल्या नळीतून येताना पाणी सोडते, त्याचे हे लक्षण. गरम होणारी नळी असेल तर तिचे तापमान वाढवा. नसेल तर नळी पांघरुणाखालून घ्या किंवा तिला कापडी कव्हर घाला. हे जमले नाही तरच आर्द्रता एक पायरी कमी करा. मशीन पलंगाच्या खालच्या पातळीवर असले की साठलेले पाणी चेहऱ्याकडे न येता मागे जाते.

डोळे लाल होतात, चुरचुरतात. वरच्या कडेने गळती आहे. मास्क थोडा खाली सरकवा आणि वरचा पट्टा दोन्हीकडे सारखा आहे का पाहा. कुशन जुने असेल तर ते बदला, कारण सिलिकॉन मऊ पडले की कितीही आवळून बसत नाही.

पोटात हवा भरते, सकाळी ढेकर आणि पोट टम्म. हवा अन्ननलिकेत उतरते आहे. दाब गरजेपेक्षा जास्त असेल, तोंडाने गळती होत असेल किंवा आम्लपित्त असेल तर हे वाढते. पलंगाची डोक्याची बाजू १५ सेंटीमीटर उंच करा, रात्रीचे जेवण आणि झोप यांत अंतर ठेवा, कूस बदलून पाहा. तरीही राहिले तर डॉक्टरांना वरची मर्यादा कमी करायला सांगा. दाब स्वतःच्या मनाने बदलू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाची तक्रार: मास्क पहाटे निघालेला असतो, कधी काढला ते आठवत नाही. इथे पुष्कळ लोक ‘अर्धी रात्र तर झाली’ म्हणून सोडून देतात, आणि इथेच नुकसान होते. स्वप्नांची झोप, जिला आरईएम म्हणतात, ती रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात जास्त असते. त्या झोपेत घशाचे स्नायू सर्वात सैल असतात, म्हणून बऱ्याच जणांचे सगळ्यात लांब अडथळे आणि ऑक्सिजनची मोठी घसरण याच वेळी होते. रात्री ११ ते ३ मास्क लावला आणि ३ ते ६ काढला, तर दुखण्याचा बराच मोठा वाटा उपचाराशिवाय राहतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत सीपॅपने हृदयविकार कमी झाल्याचे दिसले नाही. त्यात सहभागींचा सरासरी वापर रात्रीला फक्त ३.३ तास होता. उपचार मोजताना ‘४ तास, ७० टक्के रात्री’ हा निकष पुष्कळ ठिकाणी वापरला जातो, पण तो किमान आहे. झोपेचा प्रत्येक तास मास्कमध्ये गेला पाहिजे, डुलकीसुद्धा.

झोपेत मास्क निघत असेल तर मशीनमधला ‘लीक अलार्म’ किंवा मास्क निघाल्याची सूचना चालू करा. जाग आली की तो परत लावा, मग घड्याळात पाच वाजले असले तरी. सोबतच्या माणसाला हे सांगून ठेवा. निघण्याआधीच्या अर्ध्या तासात नोंदीत काय दिसते ते पाहा. गळती एकदम वाढली असेल तर मास्क सुधारा. दाब चढत गेला आणि अडथळे वाढले असतील तर डॉक्टरांकडे जा.

मशीनचे आकडे कसे वाचायचे

रोज सकाळी आकड्यांकडे डोळे लावून बसू नका. आठवड्याची सरासरी पाहा. उरलेला एएचआय ५ च्या खाली असावा. एखाद्या रात्री ८ आला तर ती रात्र वाईट होती एवढाच अर्थ. मशीन झोप मोजत नाही, ते फक्त हवेचा प्रवाह मोजते. जागे असताना कूस बदलताना तुम्ही श्वास रोखलात तरी ते अडथळा म्हणून नोंदवू शकते. ते ऑक्सिजनही पाहत नाही.

गळतीच्या आकड्यात फसगत सोपी आहे. काही मशीन फक्त अनावश्यक गळती दाखवतात, तर काही भोकांतून मुद्दाम सोडलेली हवाही त्यात धरतात. रेसमेडच्या मशीनमध्ये मिनिटाला २४ लिटरच्या वर गेले की गळती जास्त समजली जाते. दुसऱ्या कंपनीच्या आकड्याला हाच निकष लावू नका.

‘सेंट्रल’ किंवा ‘क्लिअर एअरवे’ या नावाचे अडथळे सुरुवातीला काही जणांत वाढतात. पूर्वी नव्हते आणि उपचारानंतर आले, असा हा प्रकार असतो, आणि बऱ्याच जणांत काही आठवड्यांत आपोआप कमी होतो. दोन-तीन महिन्यांनंतरही दर तासाला ५ च्या वर राहिले, किंवा हृदयाचा आजार असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना नोंद दाखवा.

पहिली तपासणी एक-दोन आठवड्यांत आणि दुसरी एक ते तीन महिन्यांत ठेवा. मेमरी कार्ड असेल तर बरोबर न्या. एएचआय चांगला, तासही सहा-सात, तरी दिवसा झोप येत असेल, तर थायरॉइड, रक्तक्षय, पायांची अस्वस्थता, चालू औषधे किंवा झोपेचे एकूण तासच कमी, अशी कारणे शोधावी लागतात. झोप येत असताना वाहन चालवू नका. सुधारणा झाली आहे याची खात्री होईपर्यंत लांबचा प्रवास दुसऱ्याकडे द्या. झोपण्याआधी दारू आणि डॉक्टरांनी न सांगितलेली झोपेची गोळी टाळा. दोन्हींमुळे घसा आणखी सैल पडतो आणि दारूच्या रात्री ठरलेला दाब पुरतोच असे नाही.

स्वच्छता

याचे अवडंबर नको. कुशन रोज सकाळी ओल्या कापडाने पुसा. टाकीतले उरलेले पाणी रोज ओतून टाका आणि टाकी उघडी वाळवा. आठवड्यातून एकदा मास्क, नळी आणि टाकी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. टाकीत पांढरा थर बसला तर १ भाग पांढरा व्हिनेगर आणि ९ भाग पाणी घालून थोडा वेळ ठेवा, मग स्वच्छ धुवा. उकळते पाणी, ब्लीच, स्पिरिट नको. ओझोन सोडणाऱ्या ‘सीपॅप क्लीनर’ पेट्यांवर पैसे घालवू नका. ओझोन फुफ्फुसांना त्रास देतो आणि मशीनच्या आतील भागही खराब करू शकतो. कागदी फिल्टर धुवायचा नाही, तो महिन्याला किंवा काळा पडल्यास आधीच बदला. कुशन साधारण एक ते तीन महिन्यांत, नळी आणि पट्टे सहाएक महिन्यांत बदलायला येतात, पण तारखेपेक्षा त्यांची अवस्था पाहा.

वीज, प्रवास, ऑक्सिजन, शस्त्रक्रिया

वीज गेली तर फुल फेस मास्कमध्ये बाहेरची हवा आत येऊ देणारी झडप असते, त्यामुळे गुदमरत नाही. तरीही मशीन बंद असताना मास्क चढवून झोपू नका. बॅटरीवर चालवायचे असेल तर ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवा. सर्वात जास्त वीज तीच खातात, आणि ती बंद केली की तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ टिकते.

मशीन उचलण्याआधी टाकी काढून रिकामी करा. पाणी भरलेल्या मशीनला तिरके केले की ते मोटारीत शिरते, आणि हे मशीन बिघडण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे. विमानात ते हातातल्या सामानात न्या, सोबत प्रिस्क्रिप्शनची प्रत ठेवा.

डॉक्टरांनी सीपॅपमध्ये ऑक्सिजन जोडायला सांगितला असेल तर क्रम कटाक्षाने पाळा. आधी मशीन सुरू, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग मशीन. उलटे केल्यास बंद मशीनच्या आत ऑक्सिजन साठतो आणि आगीचा धोका निर्माण होतो.

कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी दात काढण्यासाठी गुंगी द्यायची असली तरी, भूलतज्ज्ञांना स्लीप अॅप्नियाचे निदान आणि तुमचा दाब आधी सांगा. मास्क आणि मशीन रुग्णालयात बरोबर न्या. भूल आणि वेदनाशामकांनंतरच्या पहिल्या काही रात्री घसा नेहमीपेक्षा जास्त मिटतो. वजनात मोठा फरक पडला, नाकाची शस्त्रक्रिया झाली किंवा घोरणे परत ऐकू येऊ लागले, तर दाब पुन्हा तपासून घ्या.